प्रथिनांच्या जोड्या जमवणारे पुस्तक

फ्रान्सेस मूर लापे यांचे 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' हे पुस्तक १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिका सत्तावीस वर्षांची होती. आहारशास्त्राची पदवी तिच्याजवळ नव्हती. बर्कली येथील ग्रंथालयात बसून तिने शेती, पशुखाद्य आणि पोषण यांचे अहवाल वाचले आणि त्यांतून हे पुस्तक उभे केले. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मांसाहार सोडून शाकाहाराकडे वळणाऱ्या पाश्चात्त्य वाचकांच्या एका पिढीचे ते पाठ्यपुस्तकच झाले. विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. या पुस्तकातील एक मध्यवर्ती विधान चुकीचे होते, ते लेखिकेने स्वतः दुरुस्त केले, आणि तरीही मूळ विधान वर्गावर्गांतून आजही सांगितले जाते.

पुस्तकाची पहिली बाजू शेतीच्या अर्थकारणाची आहे. गाईगुरांना धान्य आणि सोयाबीन खाऊ घालून मांस मिळवणे हा अन्नाचा अपव्यय आहे, हे लापे यांनी सामान्य वाचकाला आकड्यांनिशी पटवून दिले. एक पौंड गोमांसामागे सोळा पौंड धान्य व सोयाबीन हा पुस्तकातून गाजलेला आकडा. त्यावर पुढे वाद झाले, कारण गुरे आयुष्याचा काही काळ चराऊ गवतावर वाढतात आणि हिशेब कोठून सुरू करायचा यावर उत्तर अवलंबून असते. तरीही भूक ही बहुधा अन्नाच्या टंचाईपेक्षा अन्नाच्या वाटपातून निर्माण होते, हा मुद्दा त्यांनी ठामपणे मांडला, आणि तो टिकला आहे.

दुसरी बाजू प्रथिनांची. मांस सोडले तर प्रथिने कोठून मिळणार, या प्रश्नाला लापे यांचे उत्तर होते: जोड्या जमवा. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली तर एकीची उणीव दुसरी भरून काढते. इथपर्यंत सारे बरोबर आहे, आणि वरणभात, पिठले-भाकरी, खिचडी खाणाऱ्या आपल्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही. परंतु पहिल्या आवृत्तीचा आग्रह असा होता की ही जोडी एकाच जेवणात, ठरावीक प्रमाणात जमली पाहिजे. त्यासाठी पुस्तकात कोष्टके होती, प्रमाणे होती, पाककृती होत्या. वाचणाऱ्याची समजूत अशी होई की शाकाहारी जेवण म्हणजे तराजू घेऊन करावयाचे काम.

हा आग्रह आला कोठून? त्याचे मूळ उंदरांच्या पिंजऱ्यात आहे. १९१४ साली ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन संशोधकांनी उंदरांना मक्यातील झाइन हे एकच प्रथिन दिले. उंदरांचे वजन घटले. आहारात ट्रिप्टोफॅन घातल्यावर वजन स्थिरावले, आणि त्याच्या जोडीला लायसिन घातल्यावर वाढ पुन्हा सुरू झाली. अमिनो आम्लांपैकी काही आहारातूनच मिळावी लागतात, हे दाखवणारा तो सुंदर प्रयोग होता. शाळेत तो आवर्जून सांगावा असा आहे. पुढे उंदराच्या पिल्लांची वाढ मोजून प्रथिनांचा दर्जा ठरवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तेथे गोंधळ सुरू झाला. उंदराचे पिल्लू माणसाच्या मुलापेक्षा फार झपाट्याने वाढते. उंदरिणीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण आईच्या दुधाच्या कितीतरी पट असते. अंगभर केस वाढवायचे असल्याने उंदराला गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन वगैरे, अधिक लागतात. अशा प्राण्याच्या मापाने मोजल्यावर डाळी खुज्या ठरणारच.

'पूर्ण प्रथिन' आणि 'अपूर्ण प्रथिन' हे आपल्या पुस्तकांत आलेले शब्दही याच पद्धतीची देणगी आहेत. 'अपूर्ण' म्हटल्यावर विद्यार्थी समजतो की तुरीच्या डाळीत एखादे अमिनो आम्ल मुळीच नाही. तसे नाही. डाळ, ज्वारी, शेंगदाणे या सगळ्यांत आवश्यक अमिनो आम्ले सर्वच्या सर्व असतात. कमीअधिक असते ते प्रमाण. ज्यात ट्रिप्टोफॅन अजिबात नाही असे नेहमीच्या खाण्यातले प्रथिन म्हणजे जिलेटिन, आणि ते तर प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात!

अकरा वर्षांनंतर, १९८२ च्या आवृत्तीत, लापे यांनी आपले मत बदलले. मांसाशिवाय उत्तम प्रथिन नाही ही समजूत खोडून काढताना आपण दुसऱ्या एका समजुतीला खतपाणी घातले, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. पुरेशा उष्मांकांचा मिश्र आहार घेणाऱ्या माणसाला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत, असे त्यांनी आता लिहिले. अपवाद म्हणून त्यांनी तीन प्रकारचे आहार सांगितले: जवळजवळ फळांवरच चालणारा, रताळी किंवा कसावा यांसारख्या कंदांवर चालणारा, आणि साखर-तेलाच्या निःसत्त्व खाद्यावर चालणारा. १९८८ साली अमेरिकन डाएटेटिक असोसिएशननेही एकाच जेवणात जोडी जमवण्याची गरज नसल्याचे मान्य केले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने कारण सोपे आहे. पेशींत मुक्त अमिनो आम्लांचा थोडा साठा असतो. शिवाय पाचकरस आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी यांतील प्रथिने रोज पचून पुन्हा वापरात येतात. सकाळची भाकरी आणि रात्रीची आमटी यांची गाठ शरीरात पडतेच.

इतक्या खपाच्या पुस्तकात लेखकाने मध्यवर्ती मुद्दाच मागे घ्यावा हे दुर्मिळ आहे, आणि त्याबद्दल लापे यांना पूर्ण श्रेय दिले पाहिजे. परंतु दुरुस्तीचीही परीक्षा झाली पाहिजे.

प्रथिनांच्या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारा एक मराठी माणूस त्याच काळात रोममध्ये काम करीत होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगापुढे प्रथिनांचे संकट उभे आहे, असे तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत लिहिले जात होते. भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून सुखात्मे यांनी १९७० च्या सुमारास दाखवले की नुसत्या प्रथिनांची कमतरता असलेली माणसे थोडी. बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. उष्मांक अपुरे असले की खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. १९७४ साली मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रथिनांच्या या साऱ्या धावपळीवर कठोर टीका केली. सुखात्मे यांच्या पुढच्या काही सिद्धान्तांवर पोषणतज्ज्ञांनी जोरदार आक्षेप घेतले, हेही खरे. पण लापे यांना १९८२ मध्ये जे लिहावे लागले त्याचा गाभा त्यांनी आधीच मांडला होता.

मग प्रथिनांची चिंता सोडून द्यावी काय? येथे थोडे गणित करू. प्रौढ माणसाला रोज किती लायसिन लागते, याचा १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातील अंदाज किलोग्रॅम वजनामागे १२ मिलिग्रॅम होता. व्हर्नन यंग यांच्या अमेरिकेतील आणि अनुरा कुरपाड यांच्या बंगळूर येथील प्रयोगांनंतर तो वाढवावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात तो ३० मिलिग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला म्हणजे दिवसाला १.८ ग्रॅम.

समजा हा माणूस दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारी आणि पातळ आमटीतून ३० ग्रॅम तूरडाळ खातो. ज्वारीतून सुमारे ४० ग्रॅम प्रथिने आणि ०.८ ग्रॅम लायसिन मिळेल. डाळीतून साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि ०.४ ग्रॅम लायसिन. प्रथिने झाली साडेशेहेचाळीस ग्रॅम. भारतीय शिफारशीप्रमाणे, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅमने, त्याला ५० ग्रॅम हवीत. म्हणजे प्रथिने जवळपास पुरली. लायसिन मात्र १.२ ग्रॅमच, गरजेच्या दोन-तृतीयांश. आता डाळ ८५ ग्रॅम करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरींच्या ताटासाठी डाळी-कडधान्यांचे हेच प्रमाण दिले आहे. लायसिन २ ग्रॅमवर जाते आणि गरज भागते. (पचनात होणारी घट येथे धरलेली नाही, ती धरली तर डाळीचे महत्त्व आणखी वाढते.)

या हिशेबातून एक मार्मिक गोष्ट दिसते. १९८५ चा आकडा धरला तर नुसत्या ज्वारीवरही लायसिनची गरज भागली असती. लापे यांची दुरुस्ती लिहिली गेली ती अशा कमी अंदाजांच्या काळात, आणि नाना प्रकारचे अन्न परवडणाऱ्या वाचकांसाठी. 'एकाच जेवणात जोडी' हा नियम गेला तो योग्यच झाले. पण दिवसाच्या आहारात डाळ किती, हा प्रश्न गेलेला नाही. ज्या घरात डाळ महाग म्हणून आमटी पातळ होत जाते, तेथे तो आजही पोषणाचा खरा प्रश्न आहे.

पुस्तकावरचा माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. मांसाहार सोडणे म्हणजे प्रथिने सोडणे, असे समीकरण त्याने रुजवले आणि वाचकाची सारी काळजी एका घटकावर खिळवली. खरी जागरूकता हवी ती बी-१२ जीवनसत्त्वाबाबत. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही करीत नाहीत. ते जिवाणूंकडून येते आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याला मिळते. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे माळ घातली म्हणून मटण सोडलेला, किंवा प्राण्यांच्या कणवेने दूधही सोडलेला माणूस पहिली दोन-तीन वर्षे ठणठणीत राहतो आणि आपला आहार उत्तम असल्याचे इतरांना सांगतो. मग हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे, थकवा अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. शाकाहारात पालेभाज्यांतून फोलिक आम्ल भरपूर मिळत असेल तर पंडुरोग झाकलेला राहतो, आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते.

हा धोका पुस्तकी नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच बी-१२ च्या अभावाने आजारी पडलेल्या अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यांच्या मातांमध्येच हे जीवनसत्त्व कमी होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, आणि शाकाहारींमध्ये हा धोका चौपटीहून अधिक होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार म्हणजे आपोआप समतोल आहार, असे मानणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. दिवसाची गरज असते जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची. ती दुधातून भागवायची तर साधारण अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही-ताक लागते; दोन कप चहातल्या दुधाने ती भागत नाही. इडली, मोडाची कडधान्ये किंवा स्पिरुलिना यांवर भिस्त ठेवू नये. स्पिरुलिनातील बराचसा अंश माणसाला निरुपयोगी असे छद्म-जीवनसत्त्व असतो. दूध-अंडी दोन्ही वर्ज्य करणाऱ्याने गोळीच घ्यावी, आणि गरोदर स्त्रीने याबाबत डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

बाकीच्या घटकांचे थोडक्यात. वनस्पतींतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असला की शोषण वाढते. जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते घटते. कडधान्ये भिजवून मोड आणणे, पीठ आंबवणे या आपल्या जुन्या रीतींनी फायटेट कमी होते, आणि लोह व जस्त मोकळे होते. दूध न घेणाऱ्याला कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. मासे सोडलेल्याने जवसाची चटणी ताटात ठेवावी, मात्र ती माशांच्या तेलाची पूर्ण जागा घेत नाही. आणि सर्वांत साधी गोष्ट: ताटातून मासळी गेली की तिच्या जागी उसळ यावी, बटाट्याची भाजी नव्हे. एका अंड्याइतकी प्रथिने सुमारे ३० ग्रॅम डाळीत मिळतात.

वर्गात या पुस्तकाचा उपयोग असा करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एका माणसाचे एका दिवसाचे धान्य आणि डाळ कच्च्या वजनाने नोंदवावी आणि वरच्याप्रमाणे लायसिनचा हिशेब मांडावा. मग तोच हिशेब १२ मिलिग्रॅमच्या आणि ३० मिलिग्रॅमच्या निकषावर ताडून पाहावा. घरातले जेवण तेच, पण एका मापाने पास आणि दुसऱ्या मापाने नापास! शास्त्रातील माप कोण ठरवतो, कसे ठरवतो आणि ते का बदलते, ही चर्चा तेथून आपोआप सुरू होईल. हिशेबात कोणाच्या घरची डाळ कमी आहे याचा वर्गात उच्चार होणार नाही, एवढी काळजी मात्र शिक्षकाने घ्यावी.

'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' वाचण्याजोगे आहे. पहिली आवृत्ती आणि १९८२ ची आवृत्ती शेजारी ठेवून वाचावे. आहारसल्ला म्हणून ते अपुरे आहे. पुरेसे अन्न, भरपूर डाळ आणि बी-१२ ची खात्रीची सोय, ही तीन सूत्रे शाकाहाराकडे वळणाऱ्याला त्यातील कोष्टकांपेक्षा अधिक उपयोगी पडतील.