जुनी प्रत, वंशाचा प्रश्न आणि आपले वाचन

वंशाचा इतिहास सांगणारे पुस्तक दलित वाचकाच्या घरात कोऱ्या वेष्टनातून क्वचितच आले. ते आले रद्दीच्या दुकानातून, स्टेशनबाहेरच्या पथारीवरून, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर पसरलेल्या ताडपत्रीवरून, एका कार्यकर्त्याच्या शबनममधून दुसऱ्याच्या शबनममध्ये. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात तर हे अधिकच खरे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. म्हणजे इथली ग्रंथपरंपरा जुनी आहे. परंतु ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांची ग्रंथाशी गाठ उशिरा पडली, आणि पडली ती बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेल्या प्रतीशी. यात लाजण्यासारखे काही नाही. न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या बाजारातून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, हे धनंजय कीरांच्या चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न प्रत किती जुनी आहे हा नाही. ती आपण कशी वाचतो, हा प्रश्न आहे.

एकाच पथारीवर शेजारी शेजारी मिळणारी दोन पुस्तके घेऊ. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. बाबासाहेबांचा ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९४६ साली निघाला आणि तो त्यांनी जोतीरावांच्याच स्मृतीला अर्पण केला. आपल्याकडे ही दोन्ही पुस्तके एका दमात उच्चारली जातात, एकाच स्टॉलवर विकली जातात. पण वंशाच्या प्रश्नावर ती एकमेकांच्या विरुद्ध उभी आहेत, हे किती जण सांगतात?

जोतीराव आर्य आक्रमणाचा सिद्धान्त स्वीकारतात आणि उलटा करतात. ज्या ‘आर्य’ असण्याचा उच्चवर्णीयांना अभिमान, त्याचेच ते आरोपपत्र बनवतात. बाहेरून आलेल्यांनी बळीचे राज्य बुडवले, मत्स्य-वराह-वामन हे अवतार म्हणजे त्या स्वारीच्या आठवणी, अशी त्यांची मांडणी आहे. पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील निग्रोंची गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना. बाबासाहेब मात्र मुळावरच घाव घालतात. आर्य नावाचा वंश वेदांना माहीत नाही, दास-दस्यू हा भेद वंशाचा नाही, असे ते म्हणतात. शूद्र हे मूळचे क्षत्रिय. ब्राह्मणांशी झालेल्या संघर्षात त्यांचे उपनयन बंद केले गेले आणि ते खाली ढकलले गेले, हा त्यांचा निष्कर्ष. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ मध्ये ते आणखी पुढे जातात. रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी नाके मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी मोजमापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, हे दाखवले.

मग आमच्या सभांतून रक्ताची भाषा अजून का ऐकू येते? ‘आम्ही मूळचे, ते परके’ ही घोषणा टाळ्या मिळवते, यात शंका नाही. परंतु ती जोतीरावांचे अर्धे वाचन आहे आणि बाबासाहेबांचे न केलेले वाचन आहे. अन्याय रक्तामुळे झाला असे म्हटले की तो रक्तासारखाच अटळ होतो. तो माणसांनी, नियमांनी, ग्रंथांनी केला असे म्हटले की तो मोडता येतो. चळवळीच्या दृष्टीने या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बाबासाहेबही भक्तीने वाचायचे नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासानुसार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात गवताळ प्रदेशातून पशुपालक लोक भारतात आले. बाहेरून कोणी आल्याचा पुरावा नाही, हे बाबासाहेबांचे म्हणणे आज जसेच्या तसे टिकत नाही. हे सांगायला दलित समीक्षकाने कचरू नये. पण २०१३ च्या संशोधनाने असेही दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथले समूह मोठ्या प्रमाणात मिसळले आणि पुढे जातीबाहेर लग्ने आटत गेली. म्हणजे शुद्ध वंश कोणाचाच नाही, आणि जात टिकली ती जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांवर. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी हेच सांगितले होते.

वंश आणि जात एक नाहीत, म्हणून काळ्यांचे दुःख आपले नाही असे मात्र होत नाही. १९४६ मध्येच बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिथूनच. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत ‘जात म्हणजे वंश नव्हे’ असे सांगत भारत सरकारने चर्चा टाळू पाहिली. वाक्य बरोबर, हेतू उलटा. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जन्मावर आधारित भेदभावात जातीचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले.

राहिला प्रतींचा प्रश्न. बाबासाहेबांचे हे दोन्ही ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९९० साली सातव्या खंडात छापले. या खंडमालेचे काम रखडल्याची बातमी वाचून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंड वेळेवर मिळत नाहीत तेव्हा वाचक जुन्या प्रतींकडे वळतो. वळावेच. पण विकत घेतलेली प्रत शोकेसमध्ये ठेवून चालणार नाही. आधीच्या वाचकाने मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा बहुधा पहिल्या प्रकरणांतच थांबलेल्या असतात. पुढची पाने कोरी असतात, आणि वंशाच्या सिद्धान्ताची खरी चिकित्सा त्या पुढच्या पानांतच आहे. कोळसेवाडीत, उल्हासनगरात, मुंब्र्यात जिथे जिथे अभ्यासवर्ग चालतात, तिथे ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवून शेवटच्या पानापर्यंत वाचली जावीत. रेघ मारायची ती तिथे.