धुळीचे वजन

खोपटच्या एसटी स्थानकाजवळ राहणाऱ्या मला धुळीचे कौतुक नाही. तरी मराठी खगोललेखनात ती ‘ताऱ्यांआडचा पडदा’ एवढीच उरते, हे खटकते. धूळ तारकाप्रकाश गिळते आणि दूर-अवरक्त लहरींत परत देते. १९८३च्या ‘आयरास’ उपग्रहाची नजर १०० मायक्रॉनपाशी थांबली. ऊबदार धूळ दिसली, थंड निसटली. २००९मध्ये गेलेल्या ‘हर्शेल’ने ५०० मायक्रॉनपर्यंत पाहून देवयानी दीर्घिकेतील थंड धूळही टिपली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही हैदराबादहून बलूनमधून १०० सेंटिमीटरची दूर-अवरक्त दुर्बीण पाठवली होती. माझ्या वाचनात तिचा उल्लेख क्वचितच आला. मात्र धूळ तराजूत घालता येत नाही. तिचे तापमान आणि कणांची उत्सर्जनक्षमता गृहीत धरावी लागते. ती चुकली की वजनही चुकते. म्हणून आकडा छापणाऱ्याने गृहीतकही छापावे.