बिदागी आणि वृत्ती

हिंजवडी हे नाव आज उच्चारले की काचेच्या उंच इमारती, संगणकापुढे बसलेली तरुण मंडळी आणि रस्त्यावरील मोटारींची न संपणारी रांग, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच हिंजवडीत म्हातोबाचे देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास त्याचे बगाड निघते, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या उद्यानापूर्वीचे गाव त्या दिवसापुरते पुन्हा वर येते. पुणे जिल्ह्यातील अशा जत्रांशी तमाशाचे नाते फार जुने आहे. गुढीपाडव्याच्या आसपास पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावी फडमालक आपापल्या राहुट्या उभारून बसतात, गावोगावची मंडळी तेथे येतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. रात्र गाजली, फेटा बांधला, हातावर बिदागी ठेवली, की गावाचे कर्तव्य संपले आणि फड पुढच्या गावाला निघाला.

या साध्या व्यवहाराची आठवण होण्यास कारण झाले ते डॉ. शैलजा पैक यांच्या ग्रंथाचे. हा इंग्रजी ग्रंथ २०२२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने प्रसिद्ध केला. तमाशातील दलित स्त्रिया हा त्याचा विषय. 'अश्लील', 'असली' आणि 'माणुसकी' या आपल्या रोजच्या बोलण्यातील तीन शब्दांच्या आधारे लेखिकेने महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाची जी उलटतपासणी केली आहे, ती सुशिक्षित मराठी वाचकास अस्वस्थ केल्याशिवाय राहणार नाही. ज्या स्त्रीच्या गाण्यावर आपण मान डोलावली, तिला आपण अश्लील ठरविले. आणि तिचीच लावणी शहरातील रंगमंचावर दुसऱ्या कुणी म्हटली, म्हणजे तिला परंपरा म्हणून गौरविले! लेखिकेच्या प्रत्येक मताशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. पण तिने उभा केलेला प्रश्न टाळता येणे कठीण आहे.

लेखिका पुण्याच्याच. येरवड्याच्या वस्तीतील एका खोलीच्या घरात त्या वाढल्या, पुणे विद्यापीठात शिकल्या, पुढे शिष्यवृत्तीच्या आधाराने परदेशी गेल्या, आणि आज अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर वृत्ती मिळाली. पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलर्स अशी ही वृत्ती आहे. रक्कम मोठी आहे खरी, तथापि तिच्यापेक्षा ती देण्याची रीत अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. या वृत्तीसाठी कुणी अर्ज करावयाचा नसतो. आणि ती मिळाल्यावर अमुकच काम करावे अशी अटही नसते. पुढे हा मनुष्य काही नवे करील एवढ्या विश्वासावर ती दिली जाते.

आता या चित्राशेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा. मातंग समाजातील भाऊ-बापू यांचा फड महाराष्ट्रात नामांकित होता. विठाबाई त्या भाऊंच्या कन्या. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही हकिगत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते. मला मात्र त्या कौतुकाची लाज वाटते. त्या रात्री 'मी नाचणार नाही' असे म्हणण्याची सोय त्या बाईला नव्हती, हा त्या हकिगतीचा खरा अर्थ आहे. सुपारी घेतली होती, फड पोसावयाचा होता, प्रेक्षक खोळंबले होते. २००२ साली विठाबाई वारल्या त्या आर्थिक विपन्नावस्थेत. त्यानंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

या दोन चित्रांतील फरक केवळ रकमेचा नाही. बिदागी मागे पाहते, वृत्ती पुढे पाहते. बिदागी झालेल्या रात्रीची किंमत चुकती करते. वृत्ती न झालेल्या कामासाठी अवकाश देते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की वृत्ती कलावंताला नकार देण्याचे सामर्थ्य देते. पुरस्कार, मानपत्रे, शाली यांपैकी कशातही हे सामर्थ्य नाही. त्या सर्व बिदागीच्याच जातीच्या आहेत, फक्त त्यांवर राजमुद्रा उमटलेली असते इतकेच.

नकाराचे हे मोल ज्यांना पुरते कळले होते असा एक पुरुष आपल्या इतिहासात आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडातील पवळाबाई महार समाजातील. या जोडीने एके काळी महाराष्ट्र वेडा केला होता. बापूरावांनी आपल्या तमाशाचे उत्पन्न अस्पृश्यांच्या चळवळीस देऊ केले, आणि समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको म्हणून डॉ. आंबेडकरांनी ते परत फिरविले, असा प्रसंग सांगितला जातो. या नकारात कलेचा तिरस्कार होता असे मानणे चूक होईल. त्यांच्या चळवळीतूनच पुढे आंबेडकरी जलसा उभा राहिला; ढोलकी आणि गाणे तेच राहिले, लावणी मात्र गेली आणि तिच्या जागी स्वाभिमानाचे शब्द आले. विरोध कलेला नव्हता, ती ज्या लाचारीत करावी लागे त्या लाचारीला होता.

आणि असा नकार देणारा पुरुष स्वतः कशाच्या बळावर उभा राहिला होता? १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी बावीस वर्षांच्या भीमरावांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या वेळी त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. वृत्तीची मुदत संपण्याच्या सुमारास, १९१६ च्या मे महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पत्राला नाव मिळण्यापूर्वी दिलेली ही मदत आहे. दोन्ही राजांनी फळाची वाट न पाहता झाडाला पाणी घातले. अर्थात या औदार्यालाही मर्यादा होती. बडोद्याच्या वृत्तीबरोबर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. आणि त्याप्रमाणे १९१७ साली भीमराव बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. राजाने वृत्ती दिली, पण शहराने घर दिले नाही. केवळ पैशाने सर्व होते असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

वृत्ती ही कल्पना पुण्याला परकी आहे असेही नाही. पेशव्यांच्या काळी श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा ही एक प्रकारे विद्येची वृत्तीच होती. परंतु ती ब्राह्मणांपुरतीच होती. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी वापरावा असा अर्ज सरकारकडे केला, तेव्हा सनातन्यांनी मोठे काहूर उठविले, आणि जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. सार्वजनिक पैसा कोणाच्या बुद्धीवर खर्चावा, हा वाद या शहराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी घातलेला आहे. तो संपला असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आज काही मदत होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून चालू आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते, आणि २०२४ पासून मानधन दरमहा पाच हजार रुपये झाले आहे. थकलेल्या शाहिराच्या घरी औषधपाणी यावर होते. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वयाची पन्नाशी उलटावी आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे, या अटी पाहिल्या म्हणजे ही वृत्ती नसून निवृत्तिवेतन आहे हे उघड होते. ज्या राजाने कोवळ्या प्रयत्नांना हात दिला, त्याचे नाव मावळत्या वयाच्या मदतीला द्यावे, यात नकळत झालेला विनोद आहे. केंद्र सरकारच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ वृत्ती मात्र खऱ्या अर्थाने वृत्ती आहेत: दोन वर्षे दरमहा दहा हजार आणि वीस हजार रुपये. पण त्यासाठी आपल्या कामाचा आराखडा लिहून द्यावा लागतो. वग तोंडपाठ असलेली, चाली स्वतः बांधणारी, परंतु शाळा अर्ध्यावर सोडावी लागलेली फडातील बाई तो कशी लिहिणार? दरवाजा उघडा आहे, पण उंबरठा फार उंच आहे.

याचा परिणाम कलावंताच्या पोटावर होतो तसाच कलेवरही होतो, आणि साहित्याच्या मासिकात या विषयाची चर्चा करण्याचे कारण हेच. गण, गौळण, बतावणी आणि वग अशी तमाशाची अंगे. आज पुष्कळ ठिकाणी वग आखडत चालला आहे आणि चित्रपटातील गाण्यांचा भाग फुगत चालला आहे. अभिरुची बिघडली म्हणून आपण प्रेक्षकाला दोष देतो. परंतु नवा वग लिहावयास, बसवावयास आणि दोन-चार ठिकाणी पडू द्यावयास जी उसंत लागते, ती फडाजवळ असते कोठे? दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फडाचा हंगाम. पावसाळ्याचे महिने रिकामे. पुढच्या हंगामाची तयारी आणि कलावंतांची उचल यांसाठी फडमालक याच महिन्यांत कर्ज काढतो. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा हे कर्ज किती खोल असते ते सर्वांना दिसले. कर्जात उभा असलेला फड नवे काही करून पाहील ही अपेक्षाच चुकीची आहे. जे काल खपले तेच तो उद्या विकील.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की कलेने लोकाश्रयावर जगावे, दानावर जगलेली कला मिंधी होते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु लोकाश्रयावर विसंबणाऱ्यांनी अण्णाभाऊ साठ्यांचे आयुष्य आठवावे. त्यांच्या 'फकिरा'ला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, वाचकांनी त्यांच्या कादंबऱ्या हातोहात घेतल्या. तरी १९६९ साली एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले ते दारिद्र्यातच. लोकाश्रय अपुरा पडतो तेथे सुपारी देणारा धनी होतो, आणि त्याच्याइतके मिंधे दुसरे कोणी करीत नाही. दुसरा आक्षेप असा, की कलेत जात का आणावी? ती आम्ही आणीत नाही, ती तेथे आहेच. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या शिल्लक राहिली, त्या घरातील मुलगा दोन वर्षे नुसते लिहीत बसू शकतो. त्याची वृत्ती त्याच्या आजोबांनी आधीच देऊन ठेवलेली असते. ज्या घरात ती शिल्लक राहू दिली गेली नाही, तेथे ती समाजाने द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

येथे हिंजवडीकडे पुन्हा वळावेसे वाटते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या कार्यांच्या यादीत पारंपरिक कलांचे संवर्धन स्पष्ट शब्दांत नमूद आहे. हिंजवडीत आणि पुण्याच्या आसपास अशा कंपन्यांची वाण नाही. त्यांनी महोत्सव भरवू नयेत असे नाही. पण महोत्सव ही मोठी बिदागीच होय. त्याऐवजी पावसाळ्यातील चार महिने फडातील दहा-वीस तरुण कलावंतांना, वग लिहिणाऱ्यांना, ढोलकीवाल्यांना आणि विशेषतः फड चालविणाऱ्या स्त्रियांना वृत्ती द्यावी. अर्ज तोंडी घ्यावा, निवड करताना जाणकार कलावंतांनाच बसवावे, हिशेब साधा असावा आणि बदल्यात जाहिरात मागू नये. ती मिळालेल्या एखादीने पुढे तमाशा सोडून शाळा काढली किंवा आपल्या आईचे चरित्र लिहिले, तरी पैसा वाया गेला असे कुणी म्हणू नये. सोडण्याची मोकळीक नसेल, तर राहण्याला अर्थ उरत नाही.

पुढल्या चैत्रात नारायणगावी पुन्हा राहुट्या पडतील आणि गावोगावचे लोक सुपारी घेऊन जातील. त्या राहुटीत बसलेल्या एखाद्या बाईला, 'या रात्री आम्ही येणार नाही, आमचा नवा वग अजून बसावयाचा आहे', असे म्हणता आले, तर त्या दिवशी विठाबाईंचे ऋण थोडे फिटले असे मी समजेन. तोवर त्यांच्या नावाच्या पुरस्काराला टाळ्या वाजविताना आपला हात किंचित अडखळावा, हे बरे.