‘मूळ’ संगीत म्हणजे कोणते? चित्रपटसंगीताच्या पारितोषिकांची परिभाषा

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या संगीतास मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांची चर्चा आपल्याकडे बहुधा निकालाच्या अंगाने होते. पारितोषिक कोणास मिळाले, कोणास मिळावयास हवे होते, यापलीकडे ती सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात निकाल गौण मानले आहेत. पारितोषिकाच्या वर्गाला जे नाव दिलेले असते त्या नावाचा अर्थ तपासावा एवढाच येथे हेतू आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने संगीताच्या प्रांतात शिरणे काहींस आगाऊपणाचे वाटेल. तथापि ज्या वादांचा परामर्श पुढे घेतला आहे ते स्वरांपेक्षा शब्दार्थाचेच अधिक आहेत, आणि तेवढ्यापुरता बोलण्याचा अधिकार त्याला असावा.

अमेरिकेतील चित्रपट अकादमीचा पंचेचाळिसावा ऑस्कर समारंभ मार्च १९७३ मध्ये झाला. त्या वर्षी निनो रोटा या इटालियन संगीतकाराला ‘द गॉडफादर’च्या संगीतासाठी नामांकन जाहीर झाले आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेण्यात आले. चित्रपटातील प्रणयाची धून रोटा यांनी १९५८ च्या ‘फोर्तुनेल्ला’ या इटालियन चित्रपटात पूर्वीच वापरली होती, सबब संगीत ‘मूळ’ नव्हे, असा अकादमीचा निर्णय झाला. रोटा यांच्या जागी जॉन ॲडिसन यांच्या ‘स्लूथ’चे नाव आले. इथपर्यंतचा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्याच समारंभात त्याच वर्गाचे पारितोषिक कोणाला मिळाले हे सहसा सांगितले जात नाही. ते चार्ली चॅप्लिन यांच्या ‘लाइमलाइट’ला मिळाले, चॅप्लिन यांच्यासह रेमंड रॅश व लॅरी रसेल हे त्याचे मानकरी होते. ‘लाइमलाइट’ हा १९५२ चा चित्रपट. लॉस एंजेलिस येथे तो १९७२ पर्यंत दाखविला गेला नव्हता, म्हणून नियमानुसार तो स्पर्धेस पात्र ठरला. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीची एक धून जुनी म्हणून बाद झाली आणि वीस वर्षांपूर्वीचे संपूर्ण संगीत ‘मूळ’ म्हणून गौरविले गेले!

यात अन्याय झाला असे मला म्हणावयाचे नाही. दोन्ही निर्णय नियमाला धरूनच होते. प्रश्न असा की, नियमातील ‘मूळ’ हा शब्द येथे कोणता अर्थ वाहतो? ‘मूळ’ म्हणजे नवे, असा अर्थ घेतला तर ‘लाइमलाइट’ बाद व्हावयास हवा. ‘मूळ’ म्हणजे कर्त्याचे स्वतःचे, दुसऱ्याचे न उचललेले, असे म्हटले तर रोटा निर्दोष ठरतात. धून त्यांचीच होती. उरतो तिसरा अर्थ : याच कृतीसाठी प्रथम रचलेले. अकादमीला अभिप्रेत अर्थ हाच होय. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात पहिले दोन अर्थ इतके दृढ असतात की, ‘मूळ नाही’ असे म्हणताच चोरीचा वास येऊ लागतो, आणि रोटा यांच्या बाबतीत तसा तो आजही येतो. विशेष हे की, गोल्डन ग्लोब पारितोषिकात त्याच संगीताला ‘सर्वोत्कृष्ट मूळ संगीत’ म्हणून मान्यता मिळालेली होती. दोन संस्था एकच शब्द वापरीत होत्या. शब्दकोश मात्र दोघींचे वेगळे होते.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. १९७५ च्या समारंभात ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाच्या संगीताला, रोटा व कार्माइन कोपोला यांना मिळून, त्याच वर्गात पारितोषिक मिळाले. प्रणयाची ती धून दुसऱ्या भागातही आहेच. नव्या रचनेचा भाग पुरेसा होता असे याचे समर्थन करता येईल; परंतु मग पहिल्या भागातील बाकीच्या संगीताचे काय, हे कोडे सुटत नाही.

आता या धुनेकडेच वळू. ‘फोर्तुनेल्ला’मध्ये ती चपळ गतीची, काहीशी विनोदी, मिरवणुकीच्या ठेक्याची आहे. ‘गॉडफादर’मध्ये तीच स्वरपंक्ती संथ झाली, वाद्ये बदलली, आणि सिसिलीच्या उन्हातील एका अल्पायुषी विवाहाची ती खूण बनली. आमच्या शास्त्रात एक प्राथमिक सिद्धान्त आहे की, चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजारच्या चिन्हांवरून ठरते. सुटे चिन्ह कोशात पडून असते. चित्रपटात धुनेचे शेजारी म्हणजे दृश्य, संवाद, आणि दोन धुनांमधील शांतता. हे शेजारी बदलले की ध्वनिरूप तेच राहूनही उक्ती वेगळी होते. चित्रपटसंगीतकाराचे खरे कर्तृत्व या योजनेत असेल, तर रोटा यांचे १९७२ चे काम ‘मूळ’ मानावे लागेल. नियमाने शब्द मोजले, वाक्य वाचलेच नाही. कवीने योजलेला शब्द पूर्वी कोणी वापरला होता काय, असे आपण कवीला विचारीत नाही.

मोजण्याची ही वृत्ती पुढे टक्केवारीपर्यंत गेली. २०२० मध्ये अकादमीने मूळ संगीताचे किमान प्रमाण ६० टक्के ठरविले. पुढच्याच वर्षी ते ३५ टक्क्यांवर आणले. एखाद्या चित्रपटमालिकेतील पुढच्या भागात आधीच्या भागांतील संगीत २० टक्क्यांहून अधिक असू नये, असा निर्बंध मात्र राहिला. हान्स झिमर यांना ‘ड्यून’च्या (२०२१) संगीतासाठी पारितोषिक मिळाले, त्याचाच दुसरा भाग (२०२४) या निर्बंधामुळे स्पर्धेबाहेर राहिला. वस्तुतः एकच कथा दोन भागांत सांगणाऱ्याने पहिल्या भागातील धुना दुसऱ्या भागात परत आणणे ही रचनेचीच गरज होय. कादंबरीच्या दुसऱ्या खंडात पात्रांची नावे बदला, असा आग्रह धरण्यासारखे हे आहे.

नियम नेहमीच चुकतो असे मात्र नव्हे. ‘अरायव्हल’ (२०१६) या चित्रपटाचे उदाहरण आमच्या विभागातील विद्यार्थ्यांस विशेष जवळचे वाटेल, कारण त्याची नायिका भाषाशास्त्रज्ञ आहे. योहान योहानसन यांचे संगीत मनुष्याच्या आवाजांतून उभारलेले आहे आणि परग्रहवासीयांच्या लिपीशी त्याचे नाते अतिशय सूक्ष्म आहे. तथापि चित्रपटाचा आरंभ व शेवट ज्या संगीताने होतो ते माक्स रिश्टर यांचे, २००४ च्या एका ध्वनिमुद्रिकेतले. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो तो बहुतांशी त्या रचनेमुळे. मत देणाऱ्याला कोणते संगीत कोणाचे हे वेगळे करता येणार नाही, या कारणास्तव अकादमीने चित्रपट अपात्र ठरविला. मला हा निर्णय पटतो. योहानसन यांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. पण एकाच्या परिणामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे लागू नये, ही चाड येथे आहे. रोटा यांच्या प्रकरणात असा दुसरा कोणी नव्हता.

श्रेय चुकीच्या नावावर लागण्याची अकादमीची परंपरा जुनी आहे. संगीताचे पारितोषिक १९३४ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. आरंभीची काही वर्षे ते संगीतकाराला मिळत नसून चित्रसंस्थेच्या संगीतविभागाला, म्हणजे विभागप्रमुखाच्या नावे, मिळे. ‘अँथनी ॲडव्हर्स’ (१९३६) या चित्रपटाचे संगीत एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचे. पारितोषिक वॉर्नर ब्रदर्सच्या संगीतविभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टीन यांचे. १९३७ च्या पारितोषिकात तर युनिव्हर्सलच्या विभागाचे व त्याच्या प्रमुखाचे नाव आहे, कोणा रचनाकाराचे नाव नाहीच. १९३८ मध्ये ‘मूळ संगीत’ असा वर्ग निराळा झाला आणि ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’साठी कोर्नगोल्ड यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने गौरव मिळाला. ‘मूळ’ हे विशेषण जन्मास आले तेव्हा त्याने संगीताला कर्ता मिळवून दिला, ही गोष्ट त्या शब्दावर टीका करताना विसरता येत नाही. कोर्नगोल्ड यांच्या संगीताचा वाद्यवृंदमेळ लिहिणारे ह्यूगो फ्रीडहोफर यांना मात्र स्वतःच्या रचनेसाठी गौरव मिळण्यास १९४६ चा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ यावा लागला.

दुसरा भेद एककाचा. ऑस्करचे एकक एक चित्रपट. दूरचित्रवाणीच्या एमी पारितोषिकात मालिकेचा एक भाग पुढे ठेवला जातो. बेल्जममधील गेंट येथे चित्रपट-महोत्सवाने २००१ पासून सुरू केलेल्या जागतिक चित्रपटसंगीत पुरस्कारांत ‘वर्षाचा संगीतकार’ असा वर्ग आहे. तेथे व्यक्ती हेच एकक. ध्वनी, पद, वाक्य यांपैकी काय एकक धरावे यावर आमच्या शास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, तेव्हा येथेही ते असावेत यात नवल नाही. हिल्दुर गुडनादोत्तिर या आइसलँडच्या विदुषींचे उदाहरण घ्यावे. ‘चेर्नोबिल’ (२०१९) या मालिकेसाठी त्यांनी लिथुआनियातील बंद पडलेल्या अणुवीजकेंद्रात ध्वनिमुद्रण केले आणि तेथील आवाजांतून संगीत घडविले. एमी मिळाले ते तीतील एका भागासाठी. पण त्या संगीताचा परिणाम पाचही भागांत हळूहळू साचत जाण्यात आहे. एक भाग कापून काढला की उरतो तो नमुना. गेंटने त्याच वर्षी दूरचित्रवाणीची संगीतकार म्हणून त्यांना गौरविले, ते एकक मला अधिक योग्य वाटते. पुढे ‘जोकर’साठी त्यांना २०२० मध्ये ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटाचे काही संगीत चित्रीकरणापूर्वीच, पटकथेवरून रचलेले होते आणि नटाने स्नानगृहातील नृत्य ते ऐकून केले.

या शेवटच्या तपशिलाने आपल्या एका मराठी संज्ञेची मोठी अडचण होते. ‘पार्श्वसंगीत’ म्हणजे मागे वाजणारे संगीत. दृश्य आधी, संगीत नंतर, हा क्रम त्या शब्दात गृहीत आहे. ‘जोकर’मध्ये दृश्यच संगीताच्या मागून आले. इंग्रजीत याला ‘स्कोअर’ म्हणतात. हा शब्द उच्चारताच वर्गात क्रिकेटचे स्मरण होऊन हशा पिकतो. वास्तविक धावसंख्या आणि संगीताची लिखित संहिता हे दोन्ही अर्थ ‘काठीवर पाडलेली खाच, ओढलेली रेघ’ या एकाच अर्थातून निघालेले आहेत. त्या शब्दात लेखन आहे, आपल्या शब्दात स्थान आहे. लिहिणारा कोण, हा प्रश्न त्यांच्या शब्दातून उठतो, आपल्यातून उठत नाही.

‘संगीतकार’ म्हणताच मराठी कानाला चाल बांधणारा आठवतो. ए. आर. रहमान यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिल्येनेर’साठी दोन ऑस्कर मिळाली, एक संगीताचे आणि एक गीताचे; दुसऱ्यात गुलजार सहभागी होते. आपल्या भाषेत ज्या कामाला ‘संगीत’ हे एकच नाव आहे त्याचे अकादमीने १९३४ पासूनच दोन तुकडे केलेले आहेत. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा भेद पुष्कळ उशिरा आला. संगीतदिग्दर्शनाचा पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आहे. पार्श्वसंगीताची वेगळी नोंद प्रथम १९९४ च्या पुरस्कारांत झाली आणि २००९ पासून ती नियमित झाली. शैलेंद्र बर्वे यांना २०१२ च्या पुरस्कारांत ‘संहिता’ या मराठी चित्रपटासाठी जो मान मिळाला तो गीतांच्या वर्गात.

‘मूळ’ या कल्पनेविषयी तर आपली परंपरा अगदीच निराळी आहे. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ती कोणत्या पदावरून वा चिजेवरून घेतली हे सांगण्याचा प्रघात होता. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’च्या (१९१६) पदांना रागदारी बंदिशींचा आधार दिला, आणि त्यामुळे त्यांचे कर्तृत्व उणे झाले असे कोणी मानले नाही. नाटक ‘स्वतंत्र’ की ‘रूपांतरित’ असा भेद आपण करीत होतो. चालीस तो लावीत नव्हतो. उसने घेतल्याची उघड नोंद करणे आणि उसने घेतल्यास बाद करणे, या दोन नीती आहेत. पहिली मला अधिक प्रौढ वाटते, कारण तीत ऋणकोबरोबर धनकोचेही नाव राहते.

अर्थात या प्रौढपणाचा अभिमान बाळगताना आपल्याच घरातील एक रकाना कोरा दिसतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा माजोर्ड्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, या गोव्याच्या वादक-रचनाकारांनी गीतांमधील वाद्यसंगीत कागदावर उतरविले. त्या व्यवसायात त्यांना ‘अरेंजर’ म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळात फिल्मफेअरमध्ये वा राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या कामाला नाव देणारा वर्ग नव्हता. ‘अरेंजर’ला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘संगीत-संयोजक’ हा शब्द पुढे रुळला. पण संयोजक सभेचाही असतो आणि सहलीचाही. फ्रीडहोफर यांचे काम आणि डिसोझा यांचे काम यांना एकच संज्ञा लावता येईल काय, हे ठरविण्यासाठी आधी त्या काळचे हस्तलिखित वाद्यमेळ जेथे उरले असतील तेथे जाऊन पाहावे लागतील, आणि चालीचा भाग कोठे संपतो व लिहिणाऱ्याचा कोठे सुरू होतो हे गीतागणिक नोंदवावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा.