‘कासव’ : न विचारण्याचे धैर्य

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘कासव’ या मराठी चित्रपटाला २०१६ सालचे सुवर्णकमळ लाभले. आम्हांला मात्र तो पारितोषिकापेक्षा, पालकांनी अवश्य पाहावा असा चित्रपट म्हणून मोलाचा वाटतो.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण जानकीला वाटेत आजारी अवस्थेत सापडतो. ती त्याला कोकणातील घरी आणते. नैराश्याच्या वाटेने स्वतः गेलेली ही स्त्री त्याला खोदून काही विचारत नाही. मानव या नावाने तो तेथे राहतो. आलोक राजवाडे यांनी रंगविलेला हा मानव शाळकरी नाही. पण त्याचे मौन दहावी-बारावीतल्या मुलांच्या घरांना ओळखीचे आहे.

कुमारवयात दुःखाला नाव सापडत नाही. ते चिडचिड, अतिझोप, अभ्यासातील घसरण या रूपांनी प्रकटते आणि आपण त्याला आळस म्हणतो. मूल धीर करून बोललेच, तर ‘तुला आम्ही काय कमी केले?’ हा प्रतिप्रश्न तयार असतो. ‘प्रार्थना कर, बरे वाटेल’ हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण त्याने आपली श्रद्धाच उणी पडली, ही नवी अपराधी भावना मनात रुजू शकते.

येथे कासवाचे रूपक अर्थपूर्ण ठरते. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परतते. राखणदार कोल्ह्याकुत्र्यांपासून ती अंडी जपतात. बाहेरून फोडीत नाहीत. सुमारे ५० दिवस पहारा आणि प्रतीक्षा, एवढेच त्यांच्या हाती असते. इरावती हर्षे यांची जानकी हाच पहारा संयमाने करते.

तरीही आमची एक तक्रार आहे. मानवला परके घर, निवांत वेळ आणि समुद्रकिनारा लाभला. दोन खोल्यांच्या घरात, परीक्षेच्या धामधुमीत आईवडिलांनी हे कसे साधावे, याचे उत्तर चित्रपट देत नाही. शिवाय न विचारणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर सरळ विचारावे, त्याला एकटे सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. माया उपचाराला बळ देते. त्याची जागा घेत नाही.

हा चित्रपट आधी पालकांनी पाहावा, मग मुलांसोबत. संपल्यावर लगेच बोध सांगू नये. थोडा वेळ शेजारी नुसते बसावे.