‘भ्रमणमार्ग’ या संज्ञेची मर्यादा

वन्यजीवसंरक्षणविषयक मराठी लेखनात ‘कॉरिडॉर’ या शब्दास ‘भ्रमणमार्ग’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुबोध आहे. परंतु शास्त्रीय संज्ञेची परीक्षा केवळ सुबोधतेवर होत नाही. निर्दिष्ट व्यापाराचे मुख्य लक्षण तिच्यात उतरले आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते. या कसोटीस ही संज्ञा पुरती उतरत नाही.

कळमन्याच्या बाजारातील माल ज्या महामार्गाने उत्तरेस जबलपूरकडे जातो, तो पेंचच्या अरण्यातून जातो. वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून तेथे महामार्गाखाली नऊ मार्ग ठेवले आहेत. २०१९ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून अकरा वाघ त्यांचा उपयोग करीत असल्याचे आढळले. क्षेत्रीय परिस्थितिविज्ञानाचे हे कार्य मोलाचे आहे. तथापि प्राणी पलीकडे गेला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्याची संतती पलीकडे वाढली काय, हे आनुवंशिकीने पाहावयाचे असते. २०१३ साली उमा रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी विष्ठेतील डीएनए तपासून मध्य भारतातील दूरदूरच्या वाघांचा आनुवंशिक संबंध टिकून असल्याचे दाखविले. दाट मनुष्यवस्ती व रस्ते यांचा त्यास अडथळा होतो, हेही त्यांनी नमूद केले.

भ्रमण आणि वंशसंबंध यांतील भेद ‘वॉकर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या वाघाने स्पष्ट केला. टिपेश्वर येथून निघून २०१९-२० मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर हिंडून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तेथे वाघीण नव्हती. भ्रमण पूर्ण झाले. जनुकप्रवाह मात्र घडला नाही.

सामान्य वाचकास परिचित शब्दच हवा, असा आक्षेप येथे येईल. तो निराधार नाही. म्हणून ‘भ्रमणमार्ग’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो प्राण्यांच्या संचारापुरता राखावा आणि ‘जनुकप्रवाह’ ही स्वतंत्र संज्ञा त्याच्या जोडीस नेहमी वापरावी. दोहोंचे काम एकाच शब्दावर सोपविले, तर पुलाखालून गेलेल्या वाघांची संख्या हेच संरक्षणाचे यश ठरेल आणि एकाकी पडलेल्या वस्तीत निकटसंकराने होणारी हानी नजरेआड राहील. संज्ञेतील शैथिल्य येथे केवळ भाषेचा दोष राहत नाही. काय मोजावयाचे, हेच त्यावरून ठरते.