गोलंदाजांची बेरीज

नाटकाचं परीक्षण लिहिणारे नटाला हार घालतात आणि प्रॉम्प्टरला विसरतात. फोटोच्या भिंगांचा इतिहास लिहिणाऱ्यांचीही तीच तऱ्हा!

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कला जाहीर झाली. त्याच्या कॅमेऱ्याला शेवालिएचं भिंग होतं. ते उजेड इतका जपून आत घेई की भर उन्हातसुद्धा माणसाला कित्येक मिनिटं पुतळा होऊन बसावं लागे. त्यापेक्षा पुतळ्याचाच फोटो काढलेला काय वाईट?

१८४० साली व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल यांनी ही पंचाईत सोडवली. पुढे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा, मागे फट ठेवून बसवलेल्या दोन. शेवालिएच्या सोळा-सतरापट उजेड आत! मिनिटांचं काम मिनिटाच्या आत आलं आणि माणसाचा चेहरा माणसासारखा येऊ लागला. तोवर भिंगं बरीचशी अंदाजानं, घासून-बघून करीत. पेट्सव्हालनी आधी कागदावर हिशेब केला आणि मग काचेला हात लावू दिला.

दोष सांगायचा तर मधलं लख्ख, कडेचं पुसट. पण चेहरा मध्येच असतो हो! कडेला पडदा, कुंडी आणि लांबचे नातेवाईक. शिवाय २०१३ साली लोमोग्राफी कंपनीनं हे भिंग नव्यानं काढलं, ते याच गरगरत्या पुसटपणाच्या जोरावर. तेव्हा भिंगाला माझे पैकीच्या पैकी मार्क.

माझी तक्रार इतिहासाबद्दल आहे. भिंगावर नाव आलं ते करून विकणाऱ्या फॉइग्टलेंडरचं. पेट्सव्हालना एकरकमी पैसे मिळाले, पुढे दोघांचं भांडण झालं आणि निदान त्या भांडणामुळे पुस्तकांत त्यांना भरपूर जागा मिळाली. पण हे डोंगराएवढे आकडे एकट्यानं थोडेच केले त्यांनी? आर्चड्यूक लुडविगनं मदतीला तोफखान्यातले काही गोलंदाज दिले होते. क्रिकेटचे नव्हेत, तोफेचा गोळा कुठं पडेल याचे हिशेब करण्यात मुरलेले. पुस्तकं त्यांना अर्ध्या वाक्यात उरकतात, तेही गंमत म्हणून.

आम्हा बँकवाल्यांना यात गंमत वाटत नाही. दिवसाच्या टोटलखाली सही साहेबांची असते, हे कबूल. पण रात्री आठपर्यंत बसून टॅली लावणारा कारकून आकड्याशेजारी पेन्सिलीनं बारीकशी टिक तरी करून ठेवतो. त्या गोलंदाजांच्या नावानं इतिहासात तेवढी टिक हवी होती.